विषम आठवडे

सम आठवडे आर्डिसचे, विषम माझे.
वकिलाने कॅलेंडरवर आखून दिले तसे.
वडिलांच्या घराचे दोन हिस्से झाले, पिकअपचे पैसे वाटले गेले,
बोट तेवढी सुटेना.
सोळा फुटी, ॲल्युमिनियमची, नाकाशी पोचा आलेली.
अर्ध्या बोटीत बसून कोण कुठे जाणार?

शुक्रवारी संध्याकाळी शेडचं दार ढकलतो
तेव्हा ती येऊन गेलेली असते.
ट्रेलरवर बोट, पुसून कोरडी,
सीटखाली कॉफीचा जुना डबा,
डब्यात पितळी बूच, पेन आणि वही.
वहीत तिचं अक्षर, शाळेतल्यासारखंच
उजवीकडे कललेलं, बाजूने वारा लागावा तसं:
‘पेट्रोलचा फिल्टर बदलला. बूच लाव.’

बूच लाव!
जसा मी एकसष्ट वर्षांचा नाहीच.
जशी मी एकदा बूच न लावताच
बोट पाण्यात ढकलली होती
हे अख्ख्या मिनेसोटाला ठाऊक आहे.
(ढकलली होती. बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहून
इतके हसले की त्यांना ती धरताही येईना.
आर्डिस आत बसून पाणी उपसत होती.
याच डब्याने.)

मी लिहितो: ‘बूच लावलं.’
मग लिहितो: ‘पंख्यात गळाची दोरी गुंतली होती. हिरवी. तुझीच.’
पुढे काही सुचत नाही.
आमचा अबोला आता तीन वर्षांचा झाला.
या वयाची मुलं बोलायला लागतात.

उतारावर परीक्षेच्या पॅडसारखं पॅड घेतलेली मुलगी विचारते,
याआधी कुठल्या तळ्यात होती बोट?
तिला शिंपल्यांची काळजी, तळाला चिकटून येणाऱ्या,
एका तळ्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या.
याच तळ्यात, म्हणतो मी. आमच्याकडून कुठेच काही जात नाही.

पण मग लाल बोयांच्या पलीकडे इंजिन बंद करतो
आणि इतकं शांत होतं सगळं
की वल्ह्यावरून निथळणारा थेंब मोजता येतो.
लून पक्षी बुडी मारतो, मी पैज लावतो कुठे वर येईल,
हरतो. पुन्हा लावतो.
एखादा मासा लागतो, एखाद्या दिवशी तोही नाही.
काठावरून सिव्हर्ट म्हातारा हात हलवतो,
दोन्ही आठवड्यांत सारखाच हलवत असेल,
त्याला काय सम, काय विषम.

सप्टेंबरात गिअरचं तेल काढलं
तर दुधाळ निघालं.
म्हणजे कुठेतरी सील गेलं, पाणी आत शिरलं,
बाहेरून काही कळत नाही, इंजिन चालत राहतं,
आणि पहिल्या कडक थंडीत केस तडकते.
मी लिहिलं: ‘तेल पांढरं. सील बघ.’
पुढच्या विषम शुक्रवारी
नवं सील घातलेलं, तेल मधासारखं,
आणि पावती वहीत, बरोबर मधोमध फाडलेली.
तिच्या अर्ध्यावर बेरीज होती.
माझ्या अर्ध्यावर फक्त दुकानाचं नाव.

यंदा वर्षाला त्रेपन्न आठवडे.
त्रेपन्नावा माझा, आणि त्यानंतरचा पहिलाही माझाच.
विषमाला लागून विषम. हे वकिलाच्या लक्षात आलं नव्हतं.
तळं गोठलेलं, शेडचं छप्पर नोव्हेंबरात वाऱ्याने नेलं,
बोट ताडपत्रीखाली उघड्यावर,
वर रात्रभर बर्फ. फार साचला तर ताडपत्री खचते, कणा वाकतो,
म्हणून फावडं घेऊन आलो.

ताडपत्री स्वच्छ.
दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग, नीट रचलेले,
पावलं आलेली आणि गेलेली,
डावी टाच जरा ओढलेली.
माझा आठवडा होता.

ताडपत्रीखाली हात घालून डबा काढला.
वहीत काहीच लिहिलेलं नाही.
बूच जागेवर, कुणीतरी चकचकीत घासलेलं.
लिहायला गेलो तर शाई गोठलेली.
पेन काखेत धरून उभा आहे.
सुटेल थोड्या वेळात.