तर्री

रविवारी सकाळी साडेसातला, गंगापूर रोडच्या पत्र्याखाली,
मिसळ येते तेव्हा आधी तर्री दिसते.
लाल, जाड, चकचकीत.
खाली रस्सा आहे हे विश्वासावर घ्यायचं.

समोर भाची, रेवा गांगुर्डे. अकरावी सायन्स.
चमच्याने तर्री बाजूला सारते, ती परत येते.
"मामा, पाण्याचा रेणू अठरा.
तेलाचा आठशे ऐंशी.
मग हे वर काय करतंय?"

तेवीस वर्षं सातपूरला, रंगाच्या कारखान्यात
मी घनता मोजली.
नळीत काचेचा दांडा तरंगत सोडायचा,
डोळा पातळीला आणायचा, आकडा, सही,
पुढचा नमुना.
असं मला कुणी विचारलं नव्हतं.
म्हणजे मीही नाही.

अजून दोन पाव मागवले. वेळ काढायला.

आणि पेठ रोडच्या बाजारातला लहानू निरगुडे आठवला.
एका पहाटे मी फ्लॉवरचा गड्डा हातात तोलत म्हणालो,
केवढा हा, किलोचा तरी असेल!
"गड्डा तुम्ही उचला, भाऊ. मला क्रेट उचलायचं असतं.
फ्लॉवर आला की शीळ घालत नेतो.
द्राक्षं आली की आधी कमरेला विचारतो."

रेवा चमचा चाटायची थांबली.
"म्हणजे मणी हलका, पण मावतात किती!"
पेन काढलं. पावाखालच्या कागदावर, तेलकट जागा चुकवत,
"तेलाची घनता?"
पॉइंट ब्याण्णव, मी म्हणालो. हे मला झोपेतही येतं.
भागाकार. खोडलं. परत भागाकार.
एक तेल हातपाय पसरून बसतं
तेवढ्या जागेत पाणी बसतं त्रेपन्न.
त्रेपन्न गुणिले अठरा.
"नऊशे चोपन्न," ती एवढ्या जोरात ओरडली
की शेजारच्या टेबलावरचे काका
आपलं बिल तपासू लागले.

मग लगेच, मला जिंकूही न देता,
"पण क्लोरोफॉर्म? तो जड आहे आणि बुडतो."
बुडतो. क्लोरीन थोड्या जागेत पुष्कळ वजन कोंबतं.
असे दोन-तीन सरळ वागतात, म्हणून तर आपण फसतो.

तिची वाटी एव्हाना तळाला आली होती,
तरी उरलेल्या घोटभर रश्श्यावर
तर्रीचे बारके गोल टिळे, एकमेकांत शिरत, मोठे होत.
"आणि हे मिसळत का नाही?"

ते वेगळं प्रकरण, मी म्हणालो.
मला येत नव्हतं.
तेवढ्यात पोऱ्या हातात पळी घेऊन आला:
"तर्री वाढू?"