बाही

दोन मिनिटं रडायचा, गुडघे पोटाशी घेऊन.
मग एकदम गप्प.
इतका गप्प, की त्यापेक्षा रडणं बरं.
पंधरा मिनिटांनी पुन्हा.

दिवाडीची फेरीबोट अशीच:
येते, फळी आपटते, जाते,
मधल्या वेळात मांडवीवर काहीच नसतं.

शेजारच्या सेबास्तियानाने मिरच्या नि तुरटी ओवाळली.
निखाऱ्यावर तुरटी फुगली,
तिला तीत कुणा बाईचं तोंड दिसलं.
पिएदादचा कंपाउंडर म्हणाला, गॅस.
मी हिरव्या ओकारीचं दुपटं
पिशवीत घालून ठेवलं, का ते माहीत नाही.
शिवण करणारी बाई चिंधीसुद्धा टाकत नाही, एवढंच.

बांबोळीला डॉक्टर लवंदेंनी
आधी ते दुपटंच उलगडलं.
"शेवटचं लंगोट आहे?"
होतं. पिकलेल्या भिरंडीच्या गरासारखं,
लाल, बुळबुळीत.
त्या बोलल्या नाहीत. हात चोळून ऊब आणली,
सोयरूच्या पोटावर ठेवला, उजवीकडे, बरगडीखाली.
तांदूळ निवडताना खडा लागावा
तसं बोट थांबलं.

सोनोग्राफीच्या पडद्यावर वर्तुळात वर्तुळ.
जत्रेतलं कांकण, मी म्हटलं.
"कांकणच. आतड्यात आतडं शिरलंय,"
म्हणत त्या चित्र काढायला लागल्या.
नको, कळलं.
वाळत घातलेल्या झबल्याची बाही
अर्धी स्वतःच्याच आत जाते कधी.
ओढली तर उसवते. फुंकर मारावी लागते.

त्यांनी पेन खाली ठेवलं.
"आम्हीही हवाच भरणार.
नाही सुटलं, तर मात्र कात्री."
कात्री. तेरा वर्षं रोज हातात असलेली.
त्या दिवशी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

नवरा फोनवर, फेरीच्या रांगेत: काय झालंय?
आठ महिन्यांच्या पोराच्या पोटाबद्दल
मी म्हटलं, बाही आत गेलीय.
तो म्हणाला, तू ठीक आहेस ना?

सुटलं. हवेनंच.
"पुन्हा होऊ शकतं," डॉक्टर म्हणाल्या,
"एकदोन दिवस लक्ष ठेवा."

एकदोन दिवस कधीच सरले.
गणपतीचे कपडे शिवायला पडलेत,
सोयरू मशीनपाशी चिंध्यांत खेळतो.
तो गप्प झाला, की माझा पाय थांबतो.
नदीवर भोंगा वाजतो, विरतो.
मी घड्याळ बघते.
सोळावं मिनिट लागलं
की सुईत दोरा ओवते.