लेखनिक

पहिला नियम : तो बोलेल तेच लिहायचं.
बाकीचे नियम ह्यातूनच निघतात.
तो म्हणेपर्यंत पूर्णविराम नाही,
कपाळावर आठी नाही,
कारण आठी हीसुद्धा सूचना.

मी नेरिस. बावीस वर्षं डब्लिनच्या बोटीची तिकिटं फाडली,
तोंडात तीळ भिजत नाही अशी सगळ्या बंदरात ख्याती,
आणि आता पगार घेते तो गप्प बसण्याचा.

होलीहेडची शाळा, तळमजला,
पूर्वी खडूचे खोके आणि मोडक्या खुर्च्या ठेवायचे ती खोली.
आम्ही तिघं : गेथिन, मी, आणि दाराशी प्रोबर्ट,
घड्याळाशिवाय ज्यांना कुठे बघायचं नाही.
अख्खा वर्ग वर, हॉलमध्ये.

गेथिनची अक्षरं कागदावर उतरली की
भिजल्या कुत्र्यासारखी अंग झटकतात.
त्यालाच वाचता येतात, तीही तासाभरापुरती.
म्हणून माझा हात.

दोन वर्षं सराव केला, दर गुरुवारी.
सुरुवातीला प्रत्येक वाक्याआधी म्हणायचा, सॉरी मिस.
मी तेही लिहायचे. नियम तो नियम.
एका पानावर अकरा सॉरी वाचून दाखवले
तेव्हा हसता हसता खुर्चीवरून पडला.
मग सुटलं ते त्याचं.

आज भूगोल. प्रश्न चौथा, सहा गुण :
समुद्र कडे कसे झिजवतो?

गेथिन डोळे मिटतो. लिहा, म्हणतो :
पाणी फटीत घुसतं. फटीत आधीपासून हवा असते.
तिला जायला जागा नाही.
लाट मागून रेटते, हवा आक्रसते, अजून आक्रसते,
लाट हटली की एकदम सुटते
आणि दगड आतून फुटतो.
बाहेरून कुणी मारलेलं नसतं.

ह्याला नाव आहे, मिस.
मी लिहिते : ह्याला नाव आहे, मिस.
नाही, ते खोडा.
खोडते.

नाव आहे. दोन शब्दांचं.
पिवळ्या कार्डावर मीच लिहून दिलं होतं,
त्यानं त्याच्यावर चहा सांडला होता.
आत्ता ते माझ्या जिभेच्या शेंड्यावर,
दातांना आतून लागतंय.

माझा थोरला भाऊ एम्लिन ह्याच शाळेत होता.
त्याला शब्द द्यायला सगळे एका पायावर तयार :
आळशी. ढ. उद्धट.
वर्गाबाहेर काढून ह्याच खोलीत बसवायचे, खडू मोजायला.
एका मंगळवारी त्यानं खुर्ची उचलली.
काच फुटली ती आतून.
पुढे नुसतं विचारलं त्याला, चौकशी झाली,
एम्लिन काय म्हणाला ते मात्र
कुणी लिहून घेतलं नाही.

वर खुर्च्या सरकतात. जिन्यावरून बूट उतरतात,
कुणी कुणाचं नाव घेऊन ओरडतं.
आमची जास्तीची मिनिटं आता सुरू.
गेथिन टेबलाच्या कडेवर नखानं रेघ ओढतोय.
एक मिनिट. तीन. प्रोबर्ट खोकतात.
शांतता लिहून घेता येत नाही, तिला रकाना नाही.
मी पेन कागदापासून बोटभर वर धरून आहे
आणि मनगटाला रग लागलीये.

नाही आठवत, तो म्हणतो. राहू दे. सॉरी नाही.
लिहू?
नको, ते तुम्हाला सांगितलं.
मग : पूर्णविराम.
मी देते. जरा दाबूनच दिला असेन.

शेवटी माझ्यासाठी एक फॉर्म असतो :
वरील मजकुरात माझा एकही शब्द नाही.
खाली सही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये, दार नीट बंद झाल्यावर,
मी त्याला ते नाव सांगितलं.
त्यानं कपाळावर हात मारला, लॉकरला लाथ,
मग थांबला.
"दोनच शब्द? एवढ्या सगळ्याला?"
आणि बस चुकेल म्हणून पळाला,
दप्तराची चेन अर्धी उघडी.