रेनी नदी, एप्रिल

कॉफी ओतेस्तोवर होडी कॅनडात पोचली.
ऑरिन ओरडला, वल्हव मागे,
परवाना अलीकडचाच आहे!
काठाला अजून बर्फाचे काळपट तुकडे,
बोटांची लाकडं झालेली.

दुपारपर्यंत नुसतीच थट्टा.
मग टोइवोचा गळ ताणला,
आणि तो, एरवीचा बडबड्या,
एकदम गप्प.

वर आली ती वॉलाय:
पितळी अंग, पोट गाभोळीनं टच्च,
डोळे धुक्यामागच्या कंदिलांसारखे.
फोटो? व्हर्नानं विचारलं.
टोइवो मानेनंच नको म्हणाला.
प्रवाहाकडे तोंड करून
धरून राहिला तिला पाण्यातच,
कल्ले नीट हलेपर्यंत.
‘जा बाई.’

शेपटीचा फटका, सगळ्यांच्या तोंडावर पाणी.
कुठल्या देशात गेली कोण जाणे.

रात्री चौघांनी मिळून अंडी तळली.
टोइवो पुन्हा बोलायला लागला होता.
हाताला मात्र तिचाच वास.