दोन इंच

काळा नको, ओस्टबी म्हणाला,
काळा पेटीतल्याला घालतात, नाहीतर पेटी उचलणाऱ्याला.
तपकिरी घालून गेलास तर वाटेल विमा विकायला आलास.
हा निळा घे. फक्त निळ्यावर मीठ दिसतं,
आणि डुलुथच्या फेब्रुवारीत मीठ कुठे नसतं?
रस्त्यावर, बुटांवर, कुत्र्यांच्या पंजांवरसुद्धा.

तर गडद निळा. दोन बटणांचा.
बाहीवरच्या चिठ्ठीत किंमत तीनदा खोडलेली,
शेवटची एकशे चाळीस डॉलर.
एकच घेतला.

मुलाखती दोन होत्या.
माझी मंगळवारी, डॉक्टरकीची, इथेच टेकडीवर.
लिअँडरची शुक्रवारी सेंट पॉलला, गुरांच्या डॉक्टरकीची.
खांदे आमचे सारखे, कंबरही जवळजवळ,
फरक सगळा गुडघ्याखाली.
तो धाकटा, आणि दोन इंचांनी उंच,
आणि नववीपासून एक दिवस त्यानं मला हे विसरू दिलेलं नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
आमचं अंथरूण निळं होतं, पाय चार.

आई बोटींवरची ताडपत्री शिवते.
तिच्या हाताला सुई म्हणजे दाभण.
सोमवारी रात्री मला स्टुलावर उभं केलं,
ओठांत टाचण्या धरून नाकातून म्हणाली, हलू नकोस आर्व्हिड,
दोन इंच आत दुमडले, टाचले,
वर धावदोरा घातला, लांब टाक्यांचा,
सहज उसवेल असा.
लिअँडर फ्रिजला टेकून दूध पीत होता.
माझे दोन इंच नीट सांभाळ, म्हणाला.

टेबलापलीकडे तिघं.
मधल्या बाईंनी विचारलं,
कधी कुणाबरोबर मिळून काम केलंय? एखादं उदाहरण?
होतं माझ्याकडे, प्रयोगशाळेतलं, चांगलं घोटलेलं,
पण नेमकं तेव्हाच डाव्या घोट्याला काहीतरी टोचलं.
आईची एक टाचणी आत राहिली होती.
मी ताठ झालो. डोळे आपोआप मोठे.
चाळीस मिनिटं तसाच बसलो.
त्यांनी बहुधा टिपून घेतलं असेल: उमेदवार सजग.

काय उदाहरण दिलं ते आठवत नाही.
टाचणीचं द्यायचंस की, वडील म्हणाले.
ते बंदरात लोखंडाच्या मातीनं बोटी भरतात.
सूट त्यांनी एकदाच घातला, लग्नात,
तोही मागून आणलेला.

बुधवारी आईनं ब्लेडनं दोरा उसवला.
कापड खाली सुटलं,
पण घडीच्या जागी एक आडवी पांढरी रेघ.
मंगळवारचं मीठ तिथंच बसलं होतं.
व्हिनेगर लावलं, वाफ दिली, ब्रश झिजवला,
रेघ हटेना.
शेवटी लिअँडरनं ती निळ्या बॉलपेननं गिरवली.
गाईला काय कळतंय, म्हणाला.
मुलाखत गाय घेणार नाहीये, आई म्हणाली.

शुक्रवारी पहाटे, चारच्या आधी,
मी गुडघे टेकून त्याच्या दोन्ही पायांभोवती
पट्टीवरून बोटं फिरवली. सावकाश, दोनदा.
एकही टाचणी नव्हती.
वर पाहिलं तर तो पार छतापर्यंत.
काही बोलला नाही, आश्चर्य म्हणजे.
मग खिडकीतून दिसला, दिव्याखालून बसकडे जाताना,
माझा सूट,
माझ्यावर दिसला होता त्याहून बरा.
हेवा वाटला. किती, ते मापून सांगता येईल.

आता मार्च. पत्रं अजून नाहीत.
सूट दारामागे लटकतोय, पट्टी परत उसवलेली,
कारण तो बॉलपेन धुताना पसरला.
कुणाच्या मापानं शिवू, आई विचारते.
आम्ही दोघंही म्हणतो, थांब जरा.

माझ्या, असं वडील म्हणतात,
पेपरातून मान वर न काढता.
मग अजून एक इंच आत घ्यावा लागेल.