साल

दाखल्यावर कारणाच्या रकान्यात लिहिलंय :
पालकांच्या विनंतीवरून.
विनंती मी केली नव्हती. एवढंच विचारलं होतं,
की तापी पश्चिमेलाच का जाते, असं विचारणाऱ्या पोरीला
वर्गाबाहेर का उभं केलं.

असो. अखाजी आली.
अडावदात या दिवशी सालदारांची सालं ठरतात,
इतके रुपये, इतकी पोती ज्वारी, चपलेचा एक जोड.
मीही रात्री भाविकाकडे साल धरलं.
मालकीण नऊ वर्षांची. घासाघीस पक्की.
म्हणाली, बोटांवर मोजू द्यायचं.
म्हणाली, घंटा हवी, आणि ती मीच देणार.
म्हणाली, "माहीत नाही" हेही उत्तर धरायचं,
तुझंसुद्धा.

केळीच्या काटापट्ट्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर
रेघा मारत बसले.
गणित सोपं गेलं, पट्टी उलटली की गणितच.
घड, दांडा, क्विंटलमागे कापलेले दोन किलो,
आणि व्यापाऱ्याने कोपऱ्यात पेन्सिलीने केलेली वजाबाकी,
भाविकाने दोनदा करूनही न जुळलेली.
तिला वाटलं, तीच चुकली.
तो धडा आषाढात घेऊ, सावकाश.

विज्ञानाला उनपदेव.
गरम पाणी येतं कुठून
आणि ते दगडी गायीच्या तोंडातूनच का पडतं,
हे दोन वेगळे प्रश्न आहेत
एवढं तिला कळलं तरी माझी सहामाही झाली.
वैशाखात तास पहाटे पाचला, धाब्यावर.
अकरानंतर धाबं तापतं, तेव्हा झोप आणि गोष्टी.

मराठीच्या रकान्याशी हात थांबला.
घरात ती "काय करी ऱ्हायनी" म्हणते.
वहीतही तसंच लिहिलं, तर बाईंनी लाल शाईने खोडलं.
माझं मी स्वतःच खोडलं होतं, बी.एड.च्या वर्षी,
कुणी न सांगता, आणि इतकं स्वच्छ,
की आता आईशी फोनवर बोलताना चाचपडते.
रकान्यात मधोमध रेघ मारली. मग रेघच खोडली.
इंग्रजीला मी घाबरते. तसंच लिहिलं :
इंग्रजी, दोघी.

नणंदेचा फोन. दहावीचं काय करणार?
सतरा नंबरचा फॉर्म, म्हटलं मी, एवढ्या घाईत
जणू तो पदराला बांधूनच फिरते.
फोन ठेवला आणि त्याच पदराने घाम पुसला.

शेवटी घट लिहिली. पट्टीवर असते तशीच, खाली उजवीकडे.
लग्नसराई, ताप, लाइट नसणं, कानबाईचे रोट,
आणि मी तिच्यावर ओरडेन ते दिवस.
किती, ते लिहिलं नाही.
मोजायचं काम तिचं.

तापीला अख्खा आठवडा दिलाय.
वाचून ठेवलंय, की दोन डोंगरांमधली जमीन
कधीकाळी खचली आणि नदीला तीच वाट सापडली.
पण ती विचारणारच : मग उलटी कोण,
तापी की बाकीच्या?
तिथे माझं "माहीत नाही" वापरेन.

योगराजने टॉर्च धरून सगळ्या पट्ट्या वाचल्या,
आमची बाजू, मग व्यापाऱ्याची,
आणि विचारलं एवढंच, "मंग सुटी कव्हय?"
सकाळी उठून त्याने निंबाला
वखराची जुनी पास टांगली.

सोमवारी साडेदहाला भाविकाने घंटा दिली,
सुटीची, लांबलचक, शेजारचं कुत्रं उठेपर्यंत.
दप्तर खांद्याला लावलं, पायरी उतरली,
निंबाला एक चक्कर मारली,
आणि दारात येऊन चपला काढत ओरडली :
"माय, मी घर उनू! खावाले काय शे?"

कळण्याची भाकर समोरच होती.
शब्द शोधायला मला वेळ लागला.