पाव सेकंद

चष्मा कपाळावर सरकवून मी डबा डोळ्यांशी धरते.
ऑलिव्ह तेल, फवाऱ्याचं.
एका वेळचं प्रमाण : पाव सेकंद.
उष्मांक शून्य. स्निग्धांश शून्य.
आत मात्र काठोकाठ तेलच.

पाव सेकंद म्हणजे पापणी लवेल तेवढा.
माझं बोट संधिवाताचं,
एकदा दाबलं की तीन मोजल्याशिवाय उठत नाही.
तीन सेकंद. म्हणजे बारा शून्यं.
त्या बारा शून्यांची बेरीज तव्यावर चकाकते
आणि तीन महिन्यांनी
ह्यांच्या रक्तात सापडते.

फोडणी तर ह्यात होतच नाही.
मोहरी ओलसर कढईत नुसती उभी,
पत्ता चुकल्यासारखी.
तडतडायला तिला बुडण्यापुरतं तरी हवं.
हिंग करपला.
हे म्हणाले, "वास छान सुटलाय."
बायपासनंतर फार गोड बोलतात.

समोरच्या दारातल्या उम्म रामी हसल्या :
"झैत? आणि बंदुकीत?"
त्यांचं तेल नाब्लुसकडचं, भावाच्या झाडांचं,
पत्र्याच्या डब्यातून, एक पूल आणि दोन विमानतळ ओलांडून
सालमियाच्या ह्या चौथ्या मजल्यावर यायचं.
हिरवट. घशाला झोंबणारं.
त्या ओतायच्या तसं मी पाणीही ओतत नाही.
यंदा डबा आला नाही.
त्यांनी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
माझा फवारा कानाशी हलवून म्हणाल्या,
"ह्यात झाड कुठलं?"
मी लेबल वाचलं :
तीन देशांच्या तेलांचं मिश्रण,
आणि बाहेर ढकलायला वायू.

त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत :
पन्नास अंशांच्या वर ठेवू नये.
बाहेर साडेदहालाच एकोणपन्नास.
किराणा घेऊन आलेला पोरगा जिन्यात टेकलाय,
शर्टाने मान पुसतोय.
मी पाणी दिलं. तो दोन ग्लास प्यायला.

रात्री थालीपीठ लावलं.
मध्ये एक भोक, कडेने चार,
कडेच्या चारांत फवारा, बोट आवरून आवरून.
तेवढ्यात बेल वाजली.
उम्म रामी, हातात चहाचा पेला,
तळाशी गेल्या वर्षीचं उरलेलं, गढूळ.
"संपवून टाक," म्हणाल्या, आणि आत न येता गेल्या.

मधल्या भोकात मी पेला उपडा केला.
चर्र झालं. सगळ्या घरभर झालं.

"किती घातलंस?" आतून ह्यांचा आवाज.

"शून्य," मी म्हटलं,
आणि झाकण ठेवलं.